मदत हवी आहे: निवृत्तीनंतर साताऱ्यात राहणार, सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कार्ड घ्यावं की महिना १,००० रुपये भत्ता?

कृष्णाकाठ
वडील केंद्र सरकारच्या पुण्यातल्या कार्यालयातून लवकरच निवृत्त होत आहेत. वेतनश्रेणीची लेव्हल ८, मूळ वेतन ७६,५००. पुढे साताऱ्याच्या घरी राहणार. आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे, औषधांना महिन्याला साधारण २,८०० रुपये लागतात. आजी ८१ वर्षांची, आमच्याकडेच असते, तिला स्वतःचं उत्पन्न नाही. खासगी कंपनीची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी सात वर्षांपासून सुरू आहे, त्यात आईवडील दोघंच आहेत. साताऱ्यात सीजीएचएस नाही, मग कार्डाचे पैसे भरून काय उपयोग? की १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घ्यावा आणि पॉलिसीवर भागवावं?

वाडीवस्ती
साताऱ्याचा पत्ता असेल तर पुण्याचं कार्ड मिळणार नाही. भत्ताच घ्या.

जुना लेखापाल
वरचं बरोबर नाही. सीजीएचएस क्षेत्राबाहेर राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनरला जवळच्या सीजीएचएस शहरातून कार्ड काढता येतं. कार्ड घेणाऱ्यांपुढे दोन रस्ते असतात. पहिला, ओपीडी आणि रुग्णालयात भरती दोन्हींसाठी कार्ड, भत्ता नाही. दुसरा, ओपीडीऐवजी महिना १,००० रुपये भत्ता आणि फक्त भरतीसाठी कार्ड. म्हणजे कार्ड की भत्ता असा प्रश्नच नाही. कार्ड दोन्हीकडे घ्यायचंच आहे, ठरवायचं आहे ते फक्त ओपीडीचं.

वर्गणी दोन्ही रस्त्यांना सारखीच. लेव्हल ७ ते ११ साठी महिना ६५०, म्हणजे वर्षाला ७,८०० किंवा दहा वर्षांची एकरकमी ७८,००० भरून आजीवन. (लेव्हल १ ते ५ ला २५०, लेव्हल ६ ला ४५०, लेव्हल १२ पासून पुढे १,०००.) कुटुंबात माणसं किती यावर वर्गणी बदलत नाही. मूळ वेतन ५०,५०० च्या वर असल्यामुळे वडिलांना प्रायव्हेट वॉर्डची पात्रता आहे.

आता तुमचा हिशोब. भत्ता वर्षाला १२,०००, आईची औषधं ३३,६००. भत्ता घेतलात तर २१,६०० खिशातून. पूर्ण कार्ड घेतलंत तर जुनाट आजाराची औषधं तज्ज्ञाच्या चालू चिठ्ठीवर एका वेळी तीन महिन्यांपर्यंतची मिळतात, आणि ती आणायला आईनेच जावं असं नाही, अधिकारपत्र देऊन दुसऱ्या कुणाला पाठवता येतं. म्हणजे वर्षाला चार फेऱ्या. अडचण एकच: सीजीएचएसच्या आरोग्य केंद्रात नसलेलं औषध बाहेरच्या अधिकृत दुकानातून मागवलं जातं आणि ते त्याच दिवशी हाती पडेलच असं नाही, त्यामुळे साताऱ्याहून येणाऱ्याला दुसरी फेरी पडू शकते. शिवाय आईला सवयीचा ब्रँड मिळेल असं धरू नका, घटक तोच असतो पण कंपनी बदलते. पुण्यात नेहमी जाणारं कुणी असेल तर पूर्ण कार्ड, नसेल तर भत्ता. ओपीडीचा हा पर्याय आयुष्यात एकदाच बदलता येतो, म्हणून नीट विचार करून भरा.

कृष्णाकाठ
धाकटा भाऊ पुण्यातच नोकरीला आहे, महिन्यातून एकदा तरी घरी येतो. मग पूर्ण कार्ड सोयीचं वाटतंय. प्रक्रिया कधी सुरू करावी?

जुना लेखापाल
निवृत्तीआधीच. पेन्शनचा अर्ज भरतानाच वैद्यकीय भत्त्याच्या जागी ‘नको’ लिहा. इथेच बहुतेकांचं चुकतं. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) भत्ता चढतो, बँक तो देत राहते, इकडे ओपीडीची औषधंही सुरू असतात आणि लक्षात आल्यावर सगळी वसुली निघते. नोकरीतलं कार्ड कार्यालयात जमा करून त्याचं प्रमाणपत्र घ्या. मग सीजीएचएसच्या पोर्टलवर पेन्शनर म्हणून अर्ज आणि वर्गणी. एप्रिल २०२५ पासून पैसे पोर्टलमधूनच भरायचे, थेट भारतकोशवर (सरकारी पैसे भरण्याच्या संकेतस्थळावर) जाऊन नाही. सोबत पीपीओ, ती आली नसेल तर तात्पुरती पीपीओ किंवा शेवटच्या वेतनाचं प्रमाणपत्र, राहण्याचा पुरावा, प्रत्येकाचा फोटो. अर्जात पदनाम बघून नव्हे, वेतन प्रमाणपत्र बघून लेव्हल निवडा. एमएसीपीने (बढती न मिळताही ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वेतनवाढीने) लेव्हल वाढलेली असते आणि लोक जुनीच टाकतात.

ग्रॅच्युइटी हातात येते तेव्हाच ७८,००० भरून आजीवन कार्ड घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाचं कार्ड नूतनीकरण विसरलं की नेमकं आजारपणातच अडतं. पुढे वर्गणीचे दर वाढले तरी आजीवनवाल्यांना फरक भरावा लागत नाही.

बिलं आणि दावे
पॉलिसी बंद करू नका. साताऱ्यात रात्री अटॅक आला तर जवळच्या रुग्णालयातच न्यावं लागेल, आणि ते सीजीएचएसच्या पॅनेलवर (करार असलेल्या रुग्णालयांच्या यादीत) नसेल तर सगळे पैसे आधी तुम्ही भरायचे. सीजीएचएस नंतर परतावा देतं तो आपल्या दराने, रुग्णालयाच्या बिलाने नाही. हे दर १३ ऑक्टोबर २०२५ पासून सुधारले आहेत, तरी फरक उरतोच. तो पॉलिसी भरून काढते. क्रम असा: आधी विमा कंपनीकडे मूळ बिलं, त्यांनी किती दिले याचं पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती घ्यायच्या, मग उरलेल्यासाठी सीजीएचएस. दोन्ही मिळून खर्चापेक्षा जास्त मिळत नाही. रुग्णालयाकडून तातडीच्या भरतीचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि बाबवार बिल मागून घ्या. स्टेंट किंवा सांधा बसवला असेल तर त्याचा स्टिकर आणि खरेदीची पावती डिस्चार्जच्या दिवशीच घ्या, नंतर सापडत नाही आणि दावा तिथेच अडकतो.

सात वर्षं पूर्ण झालेल्या पॉलिसीत आईच्या जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्यांचा खर्च विमा देत नाही) संपलेला आहे. ती सोडून पुढे नवी घेतली तर तोच काळ ३६ महिन्यांपर्यंत परत सुरू होऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, हप्त्याच्या नोटिशीत तो लागलेला नाही ना बघा.

कृष्णाकाठ
आणि आजी?

जुना लेखापाल
वडिलांची आई म्हणून अवलंबित होऊ शकते. अट: महिन्याचं उत्पन्न ९,००० अधिक महागाई भत्ता याच्या आत, आणि वडिलांसोबत राहणं. कुटुंब निवृत्तीवेतन मिळत असेल तर तेही उत्पन्नात धरतात. आईला मात्र, पत्नी म्हणून, ही उत्पन्नाची अट नाही.

बिलं आणि दावे
एक सांभाळा. ७० वर्षांपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी योजनेतून रुग्णालयातले उपचार, वर्षाला ५ लाखांपर्यंत) आजीला मिळू शकतं, पण ती सीजीएचएसमध्ये असेल तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. साताऱ्यात जवळचं कोणतं रुग्णालय आयुष्मानच्या यादीत आहे ते आधी बघा. सीजीएचएसमध्ये ठेवलंत तर सत्तरीपुढच्या लाभार्थींना पॅनेलवरच्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे रेफरलशिवाय थेट दाखवता येतं, पण ती रुग्णालयं पुण्यात. ८१ व्या वर्षी तिला तिथवर नेणं जमेल का, हे विचारात घेऊनच नाव चढवा.