१०×५० द्विनेत्रीतून गुरूचा युरोपा नेमका कसा ओळखायचा?

चौथी_प्रत यांचा प्रश्न

युरोपा क्लिपर आणि ज्यूस ही दोन यानं गुरूच्या वाटेवर आहेत. ती जिथे निघाली आहेत तो गुरूचा चंद्र युरोपा डोळ्यांनी ओळखून पाहायचा आहे. साधन १०×५० द्विनेत्री (१० पट, ५० मिमीचं भिंग). तिपाई आहे, पण द्विनेत्री तिच्यावर बसवलेली नाही. गुरूशेजारी कधी दोन ठिपके दिसतात, कधी तीन, क्वचित चार. यातला युरोपा तेजावरून ओळखता येतो का? ॲपमधल्या चित्राशी रांग जुळत नाही. कधी डावं-उजवं उलट असतं, तर कधी ठिपके भलतीकडेच असतात. आणि एखादा ठिपका दिसला नाही तर तो गुरूमागे गेला असंच समजायचं का?

शर_आणि_भोग

तेजावरून नाही. गुरूचे चार मोठे चंद्र घ्या: प्रतियुतीच्या (गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्याच्या) सुमारास गॅनिमीड ४.६ प्रतीचा असतो, आयो ५.०, युरोपा ५.३ आणि कॅलिस्टो ५.६. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद. गॅनिमीड आणि कॅलिस्टो यांच्यात पूर्ण एका प्रतीचा फरक असल्याने ते दोघं एकाच वेळी मोकळ्या जागेत असले तर कळतात. आयो आणि युरोपा यांच्यात मात्र जेमतेम ०.३ प्रत, आणि त्यातही जो गुरूला जवळ असेल तो झळाळीमुळे आणखी मंद वाटतो. त्या दोघांत तेजावरून निवाडा करू नका.

अंतर हा जास्त भरवशाचा पुरावा, पण तो एकाच बाजूने लागू पडतो. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा. प्रतियुतीला गुरूची तबकडी साधारण ४५ विकलांची धरली, तर केंद्रापासून आयो जास्तीत जास्त सव्वादोन कला दूर जातो, युरोपा साडेतीन, गॅनिमीड पावणेसहा आणि कॅलिस्टो दहा. चार कलांपलीकडचा ठिपका युरोपा असूच शकत नाही. आतला ठिपका मात्र चौघांपैकी कुणीही असेल, कारण गॅनिमीड आणि कॅलिस्टोही आपल्या फेरीत गुरूजवळून जातात. १० पटींत साडेतीन कला म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्णचंद्राच्या व्यासाहून किंचित जास्त. नजरेला एवढं माप पुरे.

म्हणून आधी रात्र निवडायची. युरोपाची फेरी ३.५५ दिवसांची. म्हणजे साधारण साडेबेचाळीस तासांनी तो एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला आपल्या टोकाला असतो, आणि त्या क्षणाच्या आधी-नंतर सहा-सहा तास तो कमाल अंतराच्या ९० टक्क्यांच्या आत येत नाही. ही वेळ रात्री पडते असे दिवस ॲपमधून काढा. त्यातही आयो दुसऱ्या बाजूला असेल ती रात्र उत्तम.

एकदा जुळलं की पुढचं सोपं आहे. आयो ४ फेऱ्या ७ दिवस १ तास ५० मिनिटांत पुऱ्या करतो, युरोपा २ फेऱ्या ७ दिवस साडेदोन तासांच्या आत, आणि गॅनिमीड १ फेरी ७ दिवस पावणेचार तासांत. तिघांचे फेरे १:२:४ या प्रमाणाजवळ बांधले गेल्याचा हा परिणाम. त्यामुळे आजची मांडणी पुढच्या आठवड्यात त्याच वारी, दोन-अडीच तास उशिरा, जवळजवळ तशीच दिसते. कॅलिस्टो तेवढा या हिशेबात बसत नाही, त्याची फेरी १६.७ दिवसांची.

तिपाई

हे सगळं द्विनेत्री स्थिर झाल्यावर. हातातल्या १० पटींत गुरू सतत नाचतो आणि तीन-साडेतीन कलांवरचा ठिपका त्या नाचात पुसला जातो. तुम्हाला दोनच ठिपके दिसतात त्याचं पहिलं कारण बहुधा हेच.

दोन नळ्यांना जोडणाऱ्या मधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाला छोटं झाकण असतं. ते फिरवून काढलं की बहुतेक १०×५० मध्ये पाव इंची आटे मिळतात. तिथे एल आकाराचा जोड बसवून तो तिपाईवर कसायचा. आटे नसतील तर मधला दांडा लाकडाच्या पट्टीला रुंद पट्ट्याने घट्ट बांधा आणि पट्टी तिपाईवर बसवा. तिपाईचा मधला खांब वर ओढू नका, कंप तिथूनच येतो. हात लावला की दोन-तीन सेकंद थांबून मग बघा.

फोकसचा क्रम बऱ्याच जणांचा चुकतो. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस नीट करा. मग डावा मिटून उजव्या नेत्रिकेची कडी फिरवा, चाकाला हात न लावता. हे गुरूवर करू नका, जवळच्या मंद ताऱ्यावर करा. तो टाचणीच्या टोकाएवढा झाला पाहिजे. गुरू इतका तेजस्वी असतो की फोकस थोडा चुकला तरी लक्षात येत नाही, आणि तेवढ्यात चंद्र झळाळीत बुडतात.

गुरूभोवती काटे दिसत असतील तर डोकं एका बाजूला कलवा. काटे डोक्याबरोबर फिरले तर दोष डोळ्याचा, चष्मा लावून बघा. फिरले नाहीत तर भिंगं तपासा: बोटाचे डाग, दव, लोलक हललेले. दोन्हींवर चालणारा उपाय म्हणजे काळ्या पुठ्ठ्याच्या चकत्या, मध्ये ३० मिमीचं गोल भोक, दोन्ही वस्तुभिंगांवर (पुढच्या मोठ्या भिंगांवर). प्रकाश सुमारे एका प्रतीने घटतो, पण पाचव्या-सहाव्या प्रतीचे ठिपके ३० मिमीत आरामात दिसतात आणि झळाळी बरीच आवळली जाते.

गुरूला एखाद्या कडेआड लपवून चंद्र बघायची युक्ती चांगली आहे, फक्त कड लांबची हवी. ५० मिमीच्या भिंगासाठी दहा मीटरवरची खिडकीची चौकट जवळजवळ १७ कला इतकी पसरट दिसते, म्हणजे गुरू झाकेपर्यंत युरोपाही निम्मा-अर्धा झाकला गेलेला असतो. तीच कड १०० मीटरवर असेल तर पसरटपणा पावणेदोन कलांपेक्षा कमी. दूरच्या इमारतीचा कोपरा किंवा दिव्याचा खांब शोधा.

गुरू ३० अंशांच्या वर आल्याशिवाय खटाटोप करू नये. संध्याकाळी तो उंच असतो त्या महिन्यांत सूर्यास्तानंतर पाऊण तासाच्या आसपासची वेळ साधा. आकाश पूर्ण काळं झालेलं नसतं, त्यामुळे गुरू डोळ्यांत कमी घुसतो आणि चंद्र तरीही दिसतात.

लोलक

ॲप न जुळण्याबद्दल. डावं-उजवं उलटं असेल तर ॲपमधलं चित्र दुर्बिणीसाठी उलटवलेलं आहे. द्विनेत्रीत प्रतिमा सुलटच असते, तेव्हा चित्र उलटवण्याचे दोन्ही पर्याय बंद करा. रांगेचा कलही रात्रभर बदलतो. विषुववृत्तापासून फार लांब नसाल तर गुरू उगवताना ती जवळजवळ उभी दिसते, डोक्यावर येईपर्यंत आडवी होते. पश्चिम कोणती हे ठरवायला अंदाज नको: तिपाईवरची द्विनेत्री तशीच सोडा. गुरू ज्या बाजूला सरकतो ती पश्चिम. दर चार मिनिटांना एक अंश सरकतो, त्यामुळे साडेसहा अंशांच्या क्षेत्रात मध्यापासून कडेपर्यंत जायला त्याला साधारण तेरा मिनिटं लागतात. दोन-तीन मिनिटांतच दिशा स्पष्ट होते.

ठिपके भलतीकडे असतील तर घड्याळ तपासा. तक्ते बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि भारतीय प्रमाणवेळ त्यापुढे साडेपाच तास. तेवढ्या वेळात आयोची जवळजवळ एक-अष्टमांश फेरी होते. गुरूला खेटून असलेला आयो तेवढ्यात पुष्कळ लांब गेलेला असतो. स्टेलेरियम या आकाशदर्शक ॲपमध्ये ठिकाण, वेळ आणि कालविभाग तिन्ही हाताने तपासून, गुरू मध्ये घेऊन दृश्यक्षेत्र अर्ध्या अंशाचं ठेवा. प्रकाशाला गुरूपासून यायला प्रतियुतीलाही सुमारे ३५ मिनिटं लागतात. ती सुधारणा चांगल्या प्रणाली आपणच करतात, वेगळी वजा करू नका.

ठिपका गायब असण्याची कारणं मात्र बरीच आहेत. तो गुरूमागे असेल, गुरूसमोरून जात असेल, गुरूच्या छायेत शिरला असेल, दुसऱ्या चंद्राला इतका चिकटला असेल की दोन्ही एकच दिसतात, किंवा नुसता झळाळीत असेल. छायेचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रतियुतीआधी गुरूची छाया पश्चिमेकडे पडते, त्यामुळे चंद्र पश्चिम कडेला टेकण्याआधीच विझतो. प्रतियुतीनंतर तो पूर्वेकडे, कडेपासून थोडा दूर, अचानक उजळतो. युरोपाच्या बाबतीत हे अंतर द्विनेत्रीत सुटं दिसत नाही, ८० मिमीची दुर्बीण आणि शंभरेक पट लागतात.

उलटी चूकही होते. रांगेतला जादा ठिपका पार्श्वभूमीचा तारा असू शकतो. दुसऱ्या रात्री गुरू पुढे जातो, तारा मागे राहतो.

चौथी_प्रत

आटे सापडले, झाकण इतकी वर्षं नुसतं शोभेचं वाटत होतं. आणखी दोन गोष्टी. यानं स्वतः दिसतील का? आणि दोन चंद्र एकमेकांना झाकतात त्या घटना २०२६-२७ मध्ये आहेत असं वाचलं, त्या या साधनात दिसतात का?

शर_आणि_भोग

यानं दिसणार नाहीत. क्लिपरचे सौर पंख पसरून ३० मीटरहून लांब असले, तरी कोट्यवधी किलोमीटरवरून ते द्विनेत्रीच्या आवाक्यात येत नाहीत. पण कोणतं यान कोणत्या ठिपक्याचं, हे जाणून बघण्यात वेगळा आनंद आहे. क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं, मार्च २०२५ मध्ये मंगळाजवळून गेलं, डिसेंबर २०२६ मध्ये पृथ्वीजवळून वेग घेणार आणि एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणार. ते युरोपाभोवती फिरणार नाही. तिथला किरणोत्सार इतका तीव्र आहे की सतत राहिलं तर इलेक्ट्रॉनिक्स लवकर निकामी होतील, म्हणून गुरूभोवतीच्या लांबट कक्षेतून ४९ वेळा युरोपाजवळून जायचं, सर्वांत जवळ २५ किमीवरून, आणि पुन्हा लांब जायचं अशी योजना आहे.

ज्यूस दीड वर्ष आधी, १४ एप्रिल २०२३ ला सुटलं, तरी जुलै २०३१ मध्ये पोहोचेल, कारण त्याची वाट शुक्रावरून आणि पृथ्वीजवळच्या अनेक फेऱ्यांतून जाते. त्याच्या वाट्याला युरोपाच्या दोनच भेटी. त्याचा खरा मुक्काम गॅनिमीड, २०३४ च्या अखेरीस त्याच्याभोवती कक्षेत. तेव्हा ज्यूससाठी रांगेतला सर्वांत तेजस्वी ठिपका बघायचा. जूनो हे यान तर २०१६ पासून गुरूपाशीच आहे. २९ सप्टेंबर २०२२ ला ते युरोपापासून सुमारे ३५० किमीवरून गेलं.

पिधान_वेळ

परस्पर पिधानं (चंद्रांनी एकमेकांना झाकणं) आणि ग्रहणं साधारण दर सहा वर्षांनी येतात, सूर्य आणि पृथ्वी चंद्रांच्या कक्षापातळीत आले की. २०२६-२७ चा हंगाम चांगला आहे, कारण गुरूची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्येच येते. गुरू तेव्हा सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या पश्चिमेला असेल.

पिधानात दोन ठिपके जवळ येतात, एक होतात, काही मिनिटं तो एकत्र ठिपका मंदावतो, मग दोन्ही वेगळे होतात. आयोने युरोपाला पूर्ण झाकलं तर एकत्र तेज सुमारे ०.६ प्रतीने उतरतं. द्विनेत्रीत एकत्र येणं-सुटणं दिसेल, मंदावणं डोळ्याला कळेलच असं नाही. परस्पर ग्रहण जास्त सोपं: एका चंद्राची छाया दुसऱ्यावर पडते आणि तो एकटाच मंदावतो. ग्रस्त (छायेत आलेला) चंद्र गुरूपासून तीन कलांच्या पलीकडे असलेल्या घटना निवडा आणि तुलनेसाठी दुसऱ्या चंद्रावर आळीपाळीने नजर ठेवा.

नोंद करायची असेल तर १०० मिमीची दुर्बीण आणि कॅमेरा घ्या. एक्स्पोजर आणि गेन (संवेदनक्षमता) हाताने ठरवून बांधून टाका. आपोआप ठेवलं तर कॅमेरा नेमका तोच उतार भरून काढतो ज्याची नोंद करायची आहे. चंद्राचा मध्य पांढरा फटक होता कामा नये, गुरू जळला तरी चालेल. तुलनेचा दुसरा चंद्र चौकटीत ठेवा. पाच मिनिटं आधी सुरू करा, संपल्यावर पाच मिनिटं चालू ठेवा. घड्याळ जीपीएसशी किंवा इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवा. काही तक्ते यूटीसीत नसून स्थलीय काळात (टीटी, खगोलगणितात वापरतात ती वेळ) असतात, त्यात ६९ सेकंदांचा फरक पडतो. तक्त्याच्या शीर्षकात वेळ कोणती लिहिली आहे ते आधी वाचा.