छातीतल्या जळजळीवर ऑपरेशन: ते शेवटचाच उपाय का मानायचं?

आंबेवाला_देवगड (धागाकर्ता)

वय ४७, देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. अकरा वर्षं पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेतोय. जळजळ गोळीने आटोक्यात आहे, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. आंबा उतरवायला सुरुवात झाली की दिवसभर खाली वाकून प्रतवारी करायची, पेटीत पेंढा अंथरून फळं लावायची. वाकलं की पोटातलं आंबट पाणी, कधी सकाळची पेजसुद्धा, घशाशी येते. रात्री दोन उशा घेतो तरी ठसका लागून दोनदा-तीनदा उठतो.

एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चट्टे दिसले. जठराचा वरचा भाग श्वासपटलातून चार सेंटिमीटर वर सरकलाय, म्हणजे हायटस हर्निया. कोल्हापूरच्या सर्जनने फंडोप्लिकेशन सुचवलंय. दुर्बिणीतून सरकलेलं जठर खाली ओढायचं, पटलातलं भोक शिवायचं आणि जठराचाच वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून दोन्हींमधली झडप घट्ट करायची. मोठा भाऊ म्हणतो, गोळीवर भागतंय तर पोटाला भोकं कशाला पाडायची. गावातले डॉक्टरही तेच म्हणतात.

माझं मत असं की आपण सगळे ऑपरेशनला ‘शेवटचा उपाय’ म्हणतो आणि तिथेच चुकतो. गोळी आम्ल कमी करते, पोटातलं वर येणं थांबवत नाही. बिघाड झडपेचा असेल तर तो झडपेवरच दुरुस्त व्हायला हवा. आणि करायचंच असेल तर अंगात ताकद आहे तोवर का नको? ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण कारण देऊन.

कुडाळची_काकी

भाऊ, मला पटत नाही. कारण माझ्या घरातलंच आहे. माझ्या नणंदेचं हेच ऑपरेशन मुंबईला झालं, २०१५ साली. पहिले दोन महिने भाकरी घशाखाली उतरेना, नुसती पेज आणि मऊ भात. ढेकर येईना, पोट फुगून टम्म व्हायचं आणि ती रात्रभर घरात फेऱ्या मारायची. ते हळूहळू कमी झालं. पण चौथ्या वर्षी जळजळ परत सुरू झाली, गोळीही परत सुरू झाली. गाडीभाडं, खोलीचं भाडं, लाखाच्या वर खर्च, आणि शेवटी औषधाच्या दुकानातून तीच पट्टी. तुमच्या भावाचं ऐका. गोळी चालतेय तोवर सुरी नको.

वाचनवेडा_चिपळूण

काकींचा अनुभव एकटीचा नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑपरेशन झालेल्या रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला, तो २००१ मध्ये छापून आला. त्यातले ६२ टक्के लोक तेव्हा आम्लाची औषधं नियमित घेत होते. स्वीडनमध्ये दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्या २,६५५ लोकांचा हिशेब २०१७ मध्ये आला, त्यात १७.७ टक्के लोकांना त्रास परत झाला. ‘एकदा केलं की सुटलो’ असं जे सांगतात त्यांनी हे आकडे आधी रुग्णाला सांगावेत. मी विरोधात आहे.

आंबेवाला_देवगड

६२ टक्क्यांची ती ऑपरेशनं पोट उघडून केलेली होती, दुर्बीण त्यानंतर आली. आणि स्वीडनचा आकडा मी असाही वाचतो की ८२ टक्के लोकांना त्रास परत झाला नाही. काकी, नणंदबाईंचं ऐकून वाईट वाटलं. ऑपरेशनआधी त्यांच्या अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी झाली होती का?

कुडाळची_काकी

नाही. एंडोस्कोपी झाली आणि पंधरा दिवसांत तारीख मिळाली.

मिरकरवाडा_तांडेल

मी ऑपरेशनच्या बाजूने, स्वतः करून घेतलंय म्हणून. सहा वर्षं झाली. आमचं जेवण जाळं ओढून झाल्यावर, मग रात्रीचे दोन वाजोत की चार. जेवलं की फळीवर आडवं व्हायचं. उशीखाली विटा ठेवा हे डॉक्टरांचं सांगणं घरात ठीक, बोटीवर कुठे जमणार? झोपेत आंबट पाणी श्वासनळीत जायचं, दोनदा छातीत कफ भरून दवाखान्यात राहिलो. माझं ऑपरेशन मात्र सगळ्या तपासण्या होऊन झालं. नाकातून नळी घालून चोवीस तास कमरेला यंत्र लावलं होतं. आता सपाट झोपतो, खोकला नाही, गोळी नाही. ढेकर नीट येत नाही, वायू जास्त होतो, हे खरं. सोडा बंद केला. घास लहान घेतो, सावकाश चावतो. एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, ती मी सांगतो: ओकारी होत नाही. खराब काही खाल्लं तर पोट नुसतं आवळतं, बाहेर काही येत नाही. तरीसुद्धा मी पुन्हा करून घेईन.

फिजिशियन_रत्नागिरी

चर्चा वाचत होतो. माझा आक्षेप धागाकर्त्यांच्या तर्काला नाही, त्यांच्या घाईला आहे.

आपल्याकडे ‘पित्त’ हा एकच शब्द किती गोष्टींना लागतो बघा. छातीत जळजळ ते पित्त, अंगावर गांधी उठल्या ते पित्त, डोकं ठणकून उलटी झाली तेही पित्त. प्रत्यक्षात यकृतातून निघणारं पित्त वेगळं आणि जठरातलं आम्ल वेगळं. रुग्ण ‘पित्त आहे’ म्हणतो, आपणही मान डोलावतो आणि गोळी लिहून देतो. गोळीच्या बाबतीत ही चूक खपून जाते, ऑपरेशनच्या बाबतीत खपत नाही. झडप घट्ट केल्याने फक्त झडपेतून वर येणारं थांबतं. जळजळ दुसऱ्या कशामुळे असेल तर ती राहणार आणि वर ऑपरेशनचे त्रास येणार.

२०१९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. औषध घेऊनही जळजळ जात नाही असे ३६६ लोक त्यात घेतले. ४२ जणांची जळजळ ओमेप्राझोल (पॅन्टोप्राझोलच्याच जातीची गोळी) दिवसातून दोनदा, नीट वेळेवर दिल्यावरच थांबली. ९९ जणांत तपासणीअंती आम्लाचा दोषच सापडला नाही. त्यांची अन्ननलिका जास्त हळवी होती. २३ जणांना अन्ननलिकेचे वेगळेच आजार निघाले. अशी आणि इतर कारणांनी गाळणी होत शेवटी ७८ उरले. त्या उरलेल्यांत मात्र ऑपरेशनचा गुण ६७ टक्क्यांना आला, वाढीव औषधांचा फक्त २८ टक्क्यांना. माझ्या मते या वादाचं उत्तर त्या गाळणीत आहे. योग्य माणूस निवडला तर ऑपरेशन उत्तम, पण तसा माणूस आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार कमी वेळा भेटतो.

म्हणून धागाकर्त्यांना पहिला प्रश्न: गोळी कधी घेता?

आंबेवाला_देवगड

नाश्त्यानंतर. बागेत जायच्या आधी.

फिजिशियन_रत्नागिरी

अकरा वर्षं? कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. ही गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जठरातले आम्लाचे पंप खाताना चालू होतात आणि गोळी चालू असलेल्याच पंपांना बंद करते. पेज पिऊन घेतली तर निम्मं काम वाया. आठ आठवडे नीट वेळेवर घेऊन बघा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. दोन उशांनी मान वाकते आणि पोट दाबलं जातं, त्यापेक्षा पलंगाचे डोक्याकडचे पायच उंच करा. वजन जास्त असेल तर त्याचा फरक मोठा पडतो.

एवढं करून जळजळ गेली पण वाकल्यावर अन्न वर येणं राहिलं, तर मी तुमच्या बाजूचा. २०११ मध्ये युरोपातल्या अकरा देशांचा अभ्यास आला होता, एकीकडे इसोमेप्राझोल ही त्याच जातीची गोळी, दुसरीकडे ऑपरेशन. पाच वर्षांनी गोळीवाले ९२ टक्के बरे होते आणि ऑपरेशनवाले ८५ टक्के. पण घशाशी येण्याचा त्रास गोळीवाल्यांत १३ टक्क्यांना होता, ऑपरेशनवाल्यांत २ टक्क्यांना. गिळताना अडकणं उलट ५ विरुद्ध ११ टक्के. त्यामुळे दोन्ही पक्ष हाच अभ्यास दाखवतात. तुमची मुख्य तक्रार कोणती, त्यावर कुठला आकडा तुमच्या कामाचा हे ठरतं.

गुहागरचा_नातू

डॉक्टरसाहेब, ज्या गोळीने मूत्रपिंड जातं, हाडं ठिसूळ होतात, स्मरणशक्ती जाते, ती आयुष्यभर खा म्हणायचं? मी तर म्हणेन, गोळीपासून सुटका हेच ऑपरेशनचं सगळ्यात मोठं कारण आहे.

वाचनवेडा_चिपळूण

हेच कारण सगळ्यात कच्चं. गोळी घेणाऱ्यांत हे आजार जास्त दिसले, पण गोळी घेणारे मुळातच जास्त आजारी असतात. २०१९ मध्ये १७,५९८ लोकांवर पॅन्टोप्राझोल आणि नकली गोळी अशी तुलना छापून आली, साधारण तीन वर्षांची. पोटाचे जंतुसंसर्ग तेवढे थोडे जास्त निघाले, १.४ विरुद्ध १ टक्का. बाकी ठळक फरक नाही. गोळीच्या भीतीने कोणी टेबलावर जाऊ नये.

गुहागरचा_नातू

तीन वर्षं म्हणजे तीस वर्षं नव्हेत. माझे आजोबा वीस वर्षं घेत होते, त्यांचं बी-१२ पार तळाला गेलं होतं. माझं म्हणणं मी सोडत नाही.

फिजिशियन_रत्नागिरी

बी-१२ आणि मॅग्नेशियम अधूनमधून तपासावं, हे बरोबर. आणि गोळी एकदम बंद केली की काही आठवडे आम्ल उसळून येतं. लोकांना वाटतं आजार बळावला, आता ऑपरेशनच. कमी करत करत थांबवायची असते. अन्ननलिकेला मोठे चट्टे असतील किंवा तिचं अस्तर बदललं असेल तर मात्र स्वतःहून थांबवूच नका.

आमसूल_मालवण

ऑपरेशन काय, गोळी काय? आमच्या आजीने जन्मभर आमसुलाचं सार दिलं. रोज जेवणावर सोलकढी घ्या, पित्त राहणार नाही.

कुडाळची_काकी

अंगावर पित्त उठलं तर मीही आमसुलाचं पाणी लावते. पण आमसूल स्वतःच आंबट. नणंदेला सोलकढीने छाती जास्त जळायची, तिरफळ घातलेल्या बांगड्याने त्याहून जास्त. ज्याला सोसतं त्याने घ्यावी. चार सेंटिमीटर वर सरकलेलं जठर सोलकढीने खाली येईल असं मात्र सांगू नका.

आवशीचो_झील

माझ्या आवशीक दोन वर्सां खोकलो आसा. जळजळ नाय, आंबट पाणी नाय. एका डॉक्टरान सांगल्यान पित्ताचो खोकलो, ऑपरेशन करा. वय ७१. करूचा काय?

फिजिशियन_रत्नागिरी

आत्ता नको. नुसत्या खोकल्यावर या ऑपरेशनचा भरवसा सगळ्यात कमी. आधी छातीचा एक्सरे, दम्याची तपासणी आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं बघा. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. मात्र बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या.

आणि सगळ्यांसाठी एक: अन्न गिळताना अडकणं, वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी असेल तर हा वाद बाजूला ठेवून लगेच एंडोस्कोपी. चढ चढताना छातीत जळजळ झाली तर आधी ईसीजी. ‘पित्त आहे’ म्हणून सोडा पीत बसलेले हृदयविकाराचे रुग्ण मी पाहिले आहेत.

आंबेवाला_देवगड

आज सकाळी पेजेच्या आधी पाऊण तास गोळी घेतली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

थोडा मागे येतो. ऑपरेशन शेवटचा उपाय नाही हे मत कायम आहे, पण ते पुराव्यानंतरच करायचं. मुंबईला दोन तपासण्या करून घेईन: चोवीस तासांची आम्लाची आणि अन्ननलिकेच्या दाबाची. दुसरी मला नीट समजावी म्हणून विचारतो, ती का करायची?

फिजिशियन_रत्नागिरी

अन्ननलिका घास खाली ढकलते की नाही, हे तिच्यात कळतं. अकॅलेशिया नावाच्या आजारात खालचं तोंड उघडतच नाही, अन्न तिथे साठून वर येतं आणि लोक त्यालाही पित्तच म्हणतात. तिथे झडप आणखी घट्ट केली तर घासही उतरणार नाही. नुसता जोर कमी असेल तर पूर्ण वेढ्याऐवजी अर्धवट वेढा घालतात. काकींच्या नणंदेचं नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण ही तपासणी व्हायला हवी होती. आणि गोळी परत सुरू झाली म्हणजे झडप सुटलीच असंही नाही. तेही मोजून बघता येतं.

आम्लाच्या तपासणीत चोवीस तासांपैकी किती टक्के वेळ अन्ननलिकेत आम्ल होतं ते दिसतं. ६ टक्क्यांच्या वर म्हणजे आजार पक्का, ४ च्या खाली म्हणजे आम्लाचं प्रमाण सामान्य. मधे आलं तर बाकीचे पुरावे जोडून बघावे लागतात.

मिरकरवाडा_तांडेल

आणि भाऊ, करायचं ठरलं तर आंबा संपल्यावर कर. मला महिना-दीड महिना जड उचलायची बंदी होती. पावसाळी मासेमारीची बंदी आली की बोटी किनाऱ्याला लागतात, म्हणून मी जूनमध्ये केलं. तुझ्या पेट्याही तेव्हा संपलेल्या असतील. मऊ खाण्याचे आठवडे गणपतीच्या आत निघून जातात.

कुडाळची_काकी

तपासणीचा आकडा आला की इथे लिहा. ४ च्या खाली आला तर मी तुमच्या भावाच्या बाजूने उभी राहीन.

आंबेवाला_देवगड

मान्य. आणि ६ च्या वर आला तर?

कुडाळची_काकी

तरी आधी त्या सर्जनला विचारा, अशी किती ऑपरेशनं स्वतःच्या हाताने केलीत आणि त्यातली किती माणसं परत आली. नणंदेच्या वेळी आम्ही या दोन्हींपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता.