आईच्या एका पायाची सूज आणि वारंवार येणारा ताप : हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊनही उतार का पडत नाही?

धानकरी (भंडारा जिल्हा) :

नमस्कार. माझ्या आईचे वय पंचावन्नच्या पुढे असून तिच्या उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत बऱ्याच वर्षांपासून सूज आहे. सुरुवातीला ही सूज संध्याकाळी दिसायची आणि रात्रभर आडवे झाल्यावर सकाळपर्यंत ओसरायची. आता ती ओसरत नाही, कातडी जाड झाली आहे आणि घोट्यापाशी एक खोल घडी पडली आहे. डावा पाय अगदी चांगला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हा हत्तीरोग असल्याचे सांगण्यात आले.

सुजेपेक्षा आम्हाला अधिक त्रास आहे तो तापाचा. विशेषतः पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, तिला एकाएकी हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत अवधान येते, पाय लालभडक होतो आणि त्याला हातही लावू देत नाही. चार-पाच दिवसांनी ताप उतरतो, परंतु प्रत्येक वेळी सूज आधीपेक्षा थोडी वाढलेलीच राहते. शेजारच्या बायका एरंडाची पाने गरम करून बांधायला सांगतात, त्याने तिला तेवढ्यापुरते बरे वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. आशाताई दरवर्षी घरी येऊन ज्या गोळ्या देतात त्या आई न चुकता घेते, तरीही सूज कमी का होत नाही? रात्री रक्त घेणारे पथक गावात आले होते, त्यात तिच्या रक्तात जंतू आढळले नाहीत; मग हा आजार अजून आहे की नाही? आणि तिसरी गोष्ट, माझ्या धाकट्या भावाला गोळ्या घेतल्यानंतर चक्कर आली, मळमळ झाली आणि रात्री ताप भरला. तेव्हापासून वडील म्हणतात, "धडधाकट माणसाने गोळ्या खाऊन दुखणे कशाला ओढवून घ्यायचे?" आमच्या मोहल्ल्यातील बहुतेकांचे मत आता तेच झाले आहे. त्यांना काय समजावून सांगावे?

निवृत्त आरोग्य सहायक (वर्धा) :

धानकरी भाऊ, आपण प्रश्न नेमके मांडले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. हिवताप विभागात नोकरी करताना रात्री कंदील आणि काचपट्ट्या घेऊन गावोगाव फिरण्यात माझा बराच काळ गेला, तेव्हा त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

हत्तीरोग हा धाग्यासारख्या बारीक कृमींमुळे होतो. आपल्याकडे तो क्युलेक्स जातीच्या डासामार्फत पसरतो आणि हा डास घाण पाण्यात वाढतो, म्हणजे तुंबलेली नाली, न्हाणीमागे साचलेले सांडपाणी, संडासाची उघडी टाकी अशा ठिकाणी. पूर्ण वाढलेले कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातील लस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ६ ते ८ वर्षे जगतात आणि या काळात असंख्य सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडत राहतात. ही पिल्ले दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये दडून बसतात आणि रात्री, साधारण १० ते २ या वेळात, अंगावरील रक्तात मोठ्या संख्येने येतात, कारण क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. रक्त घ्यायला पथक रात्री येते ते याचसाठी. लोकांना ही निष्कारण झोपमोड वाटते आणि अनेक जण दार उघडत नाहीत, पण दिवसा घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीत बहुधा काहीच सापडत नाही.

आता आपल्या आईच्या अहवालाकडे वळू. कृमींमुळे लसीकावाहिन्या आधी फुगतात, मग निकामी होतात आणि लस वाहून न गेल्याने पायात साचू लागते. ज्यांची सूज जुनी आहे अशा पुष्कळ रुग्णांच्या रक्तात पिल्ले सापडतच नाहीत, कारण कृमी केव्हाच मरून गेलेले असतात आणि मागे उरते ती नळ्यांची कायमची हानी. गोळ्या कृमींवर काम करतात, बिघडलेल्या नळ्या त्यांनी दुरुस्त होत नाहीत. म्हणून रक्त निर्दोष निघाले आणि सूज मात्र तशीच राहिली, यात विसंगती नाही.

मग गोळ्या कोणासाठी? खरे तर आपल्या वडिलांसारख्या धडधाकट दिसणाऱ्या माणसांसाठीच. एकदा शरीरात शिरलेला कृमी वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि ज्याच्या पायाला सूज नाही त्याच्या रक्तातील पिल्ले डास उचलून शेजारच्या घरी नेतो. डासाच्या शरीरात त्यांची वाढ व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि त्यानंतर तो डास दुसऱ्याला चावला की नवे चक्र सुरू होते. गावातील बहुतेकांनी एकाच वेळी गोळ्या घेतल्या तर डासाला उचलण्यासारखे काही उरत नाही. अर्धा मोहल्ला सुटला तर मात्र पुढच्या वर्षी परत तेच करावे लागते.

या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या दिल्या जातात. काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिनही देतात. महाराष्ट्रात तीन औषधांच्या या पद्धतीची सुरुवात २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यातून झाली. डीईसीची मात्रा वयाप्रमाणे ठरते : २ ते ५ वर्षांच्या मुलांना १०० मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षांपर्यंत २०० आणि त्यावरील सर्वांना ३०० मिलिग्रॅम. आयव्हरमेक्टिन मात्र उंची मोजून देतात. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना गोळ्या देत नाहीत.

आपल्या भावाला जो त्रास झाला त्याचा अर्थ वडिलांना नीट सांगा. रक्तातील पिल्ले औषधाने एकदम मरू लागली की शरीर त्यांच्या अवशेषांवर प्रतिक्रिया देते आणि त्यातून ताप, डोकेदुखी, चक्कर, मळमळ होते. हा त्रास साधारणपणे एक-दोन दिवसांत शमतो. ज्याच्या शरीरात पिल्ले नाहीत त्याला तो सहसा होत नाही, किरकोळ मळमळ सोडली तर. म्हणजे तुमच्या धडधाकट भावाच्या रक्तात बहुधा हा आजार होता आणि गोळी त्याच्या कामी आली. एक मात्र खरे की उपाशीपोटी गोळी घेतल्याने होणारा त्रास वेगळा असतो आणि तो टाळता येतो. सकाळी शेतावर निघालेल्या माणसाच्या हातावर गोळ्या ठेवून पुढच्या घरी जाणारी पथके मी पाहिली आहेत. त्या गोळ्या एक तर उपाशीपोटी घेतल्या जातात किंवा फडताळात पडून राहतात. जेवण झाल्यावर, कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या, हा नियम आहे आणि तो आपण आग्रहाने पाळायला लावावा.

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी (चंद्रपूर जिल्हा) :

वरील माहितीशी मी सहमत आहे. तापाविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या आईचा खरा प्रश्न तोच आहे आणि सुदैवाने त्यावर उपाय आहे.

हे तापाचे झटके बहुतेक वेळा कृमींमुळे येत नाहीत. लस साचलेल्या पायाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते आणि कातडीला कुठे बारीकशी चीर असली तरी तेथून साधे जिवाणू आत शिरून पसरतात. ही चीर बहुधा पायाच्या बोटांच्या बेचक्यात असते. रोवणीत दिवसभर बांधीच्या चिखलात उभे राहिल्यावर ज्या चिखल्या होतात, त्याच या जिवाणूंच्या शिरकावाची वाट ठरतात, आणि म्हणूनच आपल्याला पावसाळा व ताप यांची सांगड दिसते. प्रत्येक झटक्यात लसीकावाहिन्यांची आणखी हानी होते, म्हणून सूज पायरीपायरीने वाढत जाते. झटके थांबले की वाढही बव्हंशी थांबते.

आज उजेडात बसून आईची बोटे हलकेच फाकवून पाहा, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधील जागा. तेथे पांढुरकी, भिजल्यासारखी कातडी किंवा भेग दिसेल अशी माझी अटकळ आहे. घोट्याजवळची जी घडी आपण सांगितली तीही उघडून पाहावी.

यानंतर रोज एकदा, शक्यतो झोपण्यापूर्वी, पाय साध्या थंड पाण्याने व अंगाच्या साबणाने धुवावा. सुजेच्या वरच्या टोकापासून सुरुवात करून खाली यावे, बोटांच्या बेचक्यात आणि घडीत मऊ सुती कापडाने हळुवार स्वच्छता करावी, दगडाने किंवा ब्रशने घासू नये. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओतावे. त्यानंतरचा भाग लोक टाळतात, पण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : पाय न चोळता टिपून कोरडा करावा आणि बेचक्यातील ओल कापडाचे टोक घालून पूर्ण टिपून घ्यावी. चिखल्या असतील तर आरोग्य केंद्रातून बुरशीनाशक मलम घेऊन लावावे. बसताना पाय पाटावर ठेवावा. रात्री खाटेच्या पायथ्याकडील खुरांखाली विटा ठेवून तो भाग उंच करावा, मात्र हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. टाचा उचलून खाली टेकवणे आणि घोटा गोल फिरवणे असा व्यायाम दिवसातून काही वेळा करावा, कारण पोटरीचे स्नायू हलले की साचलेली लस वर सरकते.

ताप आलाच तर त्या काळात व्यायाम बंद ठेवावा, पाय उंच करून पूर्ण विश्रांती घ्यावी, थंड पाण्यात भिजवलेले कापड पायावर ठेवावे, भरपूर पाणी प्यावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे. पॅरासिटामॉल आणि योग्य प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स हा त्यावरील उपचार आहे. डीईसी त्या काळात सुरू करत नाहीत. गरम पाने बांधणे, शेकणे, चुना किंवा लेप लावणे आणि पात्याने कापून "खराब रक्त" काढणे हे सारे टाळावे. सूज आलेल्या कातडीला चटका बसलेला लवकर कळत नाही आणि एक फोड पुढच्या झटक्याला पुरेसा असतो. गुंगी येणे, वारंवार उलट्या होणे, पायातून पू येणे किंवा कातडी काळी पडणे ही लक्षणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे.

रक्तातील साखरही एकदा तपासून घ्या. मधुमेह असेल तर असे झटके अधिक वेळा येतात.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. पायाची प्रत्येक सूज हत्तीरोगाची नसते. दोन्ही पाय सारखे सुजले असतील आणि दाबल्यावर खड्डा पडत असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तक्षय यांचा विचार आधी करावा लागतो. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजून पोटरी दुखू लागली असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते आणि तेथे वेळ दवडून चालत नाही.

वैनगंगाकाठ :

या चर्चेत पुरुषांच्या दुखण्याचा उल्लेख राहून गेला. हत्तीरोग म्हटला की सर्वांना पायच आठवतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २.५ कोटी पुरुषांना या आजारामुळे हायड्रोसील, म्हणजे अंडकोशात पाणी साचण्याचा त्रास आहे आणि पायसुजेचे रुग्ण दीड कोटींहून अधिक आहेत. आमच्या घरी मोठ्या भावाने हे दुखणे धोतराआड कित्येक वर्षे लपवले, सायकल सोडली, लग्नसमारंभांना जाणे सोडले, पण घरात कुणाला सांगितले नाही. शेवटी सरकारी रुग्णालयात विनामूल्य शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांत ते पुन्हा शेतीच्या कामाला लागले. पायाची सूज पूर्ण जात नाही, हायड्रोसील मात्र शस्त्रक्रियेने बरे होते. सुईने पाणी काढून घेण्याच्या नादी कुणी लागू नये. पाणी पुन्हा भरते आणि आत जंतुसंसर्ग होण्याची भीती राहते.

धानकरी :

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेब, आपण सांगितलेल्या जागीच, करंगळीच्या बेचक्यात, ओली भेग आहे. आईला ती दुखत नव्हती म्हणून कुणाचे लक्ष गेले नाही. आता रोवणी तोंडावर आली आहे आणि ती घरी बसायला तयार नाही. गमबूट घालून बांधीत उतरली तर चालेल का?

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी (चंद्रपूर जिल्हा) :

भेग भरेपर्यंत तिने बांधीत उतरू नये, गमबूट घालूनही नाही. सुजलेल्या पायाला बूट घट्ट होतो, आत घाम साचतो आणि वरून पाणी शिरले की पाय दिवसभर त्यातच भिजत राहतो. धुऱ्यावरची कोरडी कामे तिला करू द्या. भेग पूर्ण भरल्यानंतर ती उतरलीच, तर वेळ कमी ठेवावी आणि बाहेर आल्यावर पाय लगेच धुऊन कोरडा करावा. हे काम रात्रीवर ढकलू नये. एरवी पट्टे सैल करता येतील अशी रुंद, मऊ चप्पल वापरावी.

निवृत्त आरोग्य सहायक (वर्धा) :

आईचे नाव आरोग्य केंद्रातील हत्तीरोग रुग्णांच्या यादीत आहे की नाही हे आशाताईंना विचारून घ्या. यादीतील रुग्णांना पाय धुण्यासाठी टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच दिला जातो, आणि पाय कसा धुवायचा याचे प्रात्यक्षिकही करून दाखवतात. प्रात्यक्षिकाच्या वेळी वडिलांना शेजारी बसवा. त्याच भेटीत ग्रामपंचायतीला घरामागची नाली मोकळी करण्यासाठी आणि संडासाच्या टाकीच्या गॅस पाइपला जाळी बसवण्यासाठी लेखी अर्ज द्या. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करण्याचा उपाय डेंग्यूच्या डासासाठी उत्तम आहे, पण हत्तीरोगाचा डास बव्हंशी नालीतच वाढतो.