मदत हवी आहे: फॉरमॅटनंतर नेट बंद, स्क्रीन ताणलेली

रानवाट:
घरचा जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतला. तेव्हापासून नेट लागत नाही आणि स्क्रीनवर सगळं फताडं दिसतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे त्रिकोण आहेत. ज्याने फॉरमॅट केलं तो "ड्रायव्हर टाका" (म्हणजे कॉम्प्युटरचा एकेक भाग चालवणारं सॉफ्टवेअर) एवढंच म्हणाला, आता फोन उचलत नाही. सीडी वगैरे काही नाही. कोणते ड्रायव्हर टाकायचे ते प्लीज लवकर सांगा, उद्या संध्याकाळपर्यंत चालू व्हायलाच हवा.

खटपट्या:
विंडोज कोणतं? ३२ बिट की ६४? मदरबोर्ड कोणता? त्रिकोणांपुढे नावं काय आहेत?

शांतिवन:
आवाज येत नसेल तर आधी सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज ऑडिओ चालू आहे का ते बघा. माझ्याकडे तीच बंद होती आणि मी उगाच ड्रायव्हर शोधत बसलो होतो.

रानवाट:
आवाज येतोय हो. नेट आणि स्क्रीनचं विचारतेय. विंडोज ७ आहे. मदरबोर्ड इंटेलचा.

खटपट्या:
इंटेलचा बहुधा प्रोसेसर असेल. बोर्ड दुसऱ्या कंपनीचा असू शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून काही सांगता येणार नाही. नावं लिहा ना.

मुक्तस्रोत:
विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यात ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका. विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता नुसतं लाइव्ह चालवून बघा. जुन्या मशीनचे बहुतेक ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतात, नेट आणि स्क्रीन लगेच चालू होईल. मी घरातली सगळी जुनी मशीन्स अशीच वापरात ठेवली आहेत.

धडाकेबाज:
एवढं कशाला? सगळे ड्रायव्हर एकत्र असलेलं ड्रायव्हर पॅक मिळतं. दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या, एक क्लिक, काम झालं.

खटपट्या:
ड्रायव्हर पॅक अजिबात नको. ड्रायव्हरसोबत टूलबार, नको असलेला अँटिव्हायरस आणि काय काय येतं. शिवाय चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सचा चुकीचा ड्रायव्हर बसला तर मशीन सुरूच होईना असंही होऊ शकतं.

धडाकेबाज:
मी कित्येकांचे कॉम्प्युटर असे चालू करून दिलेत, एकालाही त्रास झाला नाही. टिक काढल्या की बाकीचं येत नाही.

खटपट्या:
ज्यांना पिवळा त्रिकोण नवीन आहे, त्यांनी कुठल्या टिक काढायच्या ते कसं ओळखायचं?

रानवाट:
भांडण नंतर करा प्लीज. नावं अशी आहेत: इथरनेट कंट्रोलर, एसएम बस कंट्रोलर, पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर. डिस्प्लेला त्रिकोण नाही, तिथे स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स ॲडाप्टर लिहिलंय. सिस्टिम ६४ बिट आहे. आणि लिनक्स नको. बाबांच्या हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर याच मशीनवर चालतं, नव्या विंडोजवर उघडत नाही. म्हणून तर ७ टाकायला सांगितलं होतं.

तारायंत्र:
स्टँडर्ड व्हीजीए म्हणजे विंडोजने कामचलाऊ ड्रायव्हर लावलाय. त्यामुळे त्रिकोण नाही, पण रिझोल्यूशनही मिळत नाही. आता इथरनेट कंट्रोलरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. पहिली ओळ जशीच्या तशी द्या. व्हीईएनपुढचा आकडा कंपनीचा आणि डीईव्हीपुढचा चिपचा असतो. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. हे कळलं की बोर्ड कोणता हा प्रश्नच उरत नाही.

रानवाट:
व्हीईएन १०ईसी, डीईव्ही ८१६८, पुढे बरंच काही आहे.

तारायंत्र:
रिअलटेकची गिगाबिट लॅन, म्हणजे केबलने नेट लावणारी चिप. नेहमीची आहे, काळजी नको.

धडाकेबाज:
त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये असतोच. नुसतं अपडेट ड्रायव्हर करा.

तारायंत्र:
सुरुवातीच्या आवृत्त्यांचा असतो. याच नंबरखाली कंपनीने नंतर बरीच नवी रिव्हिजन काढली, ती विंडोज ७ च्या सीडीला माहीत नाहीत. त्रिकोण आहे म्हणजे इथे तसंच झालंय.

जुनाजाणता:
आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग लॅन. हा क्रम मोडू नये.

तारायंत्र:
क्रम चांगला आहे, पण नेटच नसेल तर चिपसेट आणायचा कुठून? इंटेलच्या चिपसेट फाइल्स बहुतांशी विंडोजला त्या भागांची नावं सांगतात. लॅन त्यावाचून अडत नाही. रानवाट, अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळेल. विंडोज ७ ला फोन सहसा नेटवर्क कार्ड म्हणून ओळखता येतो.

गवताचीपात:
मी मध्येच विचारते, माझा जुना स्कॅनर विंडोज १० वर चालत नाही. त्याचाही हार्डवेअर आयडी बघायचा का?

नीलपंख:
स्कॅनरसाठी वेगळा धागा काढा ना ताई.
रानवाट, डाउनलोडच्या मागे लागण्याआधी सी ड्राइव्ह उघडा. तिथे विंडोज.ओल्ड नावाचा फोल्डर आहे का? लोक फॉरमॅट केलं म्हणतात, पण पुष्कळदा पार्टिशन न पुसता वरूनच नवं विंडोज टाकलेलं असतं. मग जुनं सगळं त्या फोल्डरमध्ये जातं, ड्रायव्हरसकट.

रानवाट:
आहे!! भला मोठा आहे. त्यात विंडोज, युजर्स, प्रोग्रॅम फाइल्स असं सगळं दिसतंय.

खटपट्या:
जुनं विंडोज ३२ बिट असेल तर त्यातले ड्रायव्हर ६४ ला चालणार नाहीत.

नीलपंख:
बरोबर. त्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम फाइल्स दोन आहेत का बघा, एकाच्या नावात एक्स८६ असेल. दोन असतील तर जुनंही ६४ बिटच.
तसं असेल तर इथरनेट कंट्रोलरवर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर, मग ब्राउझ माय कॉम्प्युटर. रस्ता असा द्या: विंडोज.ओल्ड, त्यात विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी. खाली इन्क्लूड सबफोल्डर्सवर टिक हवीच, कारण तिथे प्रत्येक ड्रायव्हर स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. बाकीच्या त्रिकोणांना आणि त्या स्टँडर्ड व्हीजीएलाही हेच करा.

धडाकेबाज:
ड्रायव्हर पॅकने एव्हाना झालं असतं.

रानवाट:
दोन फोल्डर होते. नेट आलं! डिस्प्लेला रीस्टार्ट मागितला आणि आता अक्षरं बारीक, स्वच्छ दिसतायत. एसएम बसचा त्रिकोणही गेला. पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्सचा तेवढा राहिला, तिथे ड्रायव्हर सापडला नाही म्हणतंय. त्याचा व्हीईएन ८०८६ आहे. नीलपंख, मनापासून आभार.

खटपट्या:
तो बहुतेक इंटेलचा मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस. जुन्या विंडोजमध्येही कुणी टाकला नसेल. तो नसला तरी रोजच्या वापरात अडणार नाही. हवाच असेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवर तो आयडी टाकून शोधा.

तारायंत्र:
आणि नवा ड्रायव्हर टाकताना कोड ५२ आला तर घाबरू नका. त्याचा अर्थ डिजिटल सही ओळखता आली नाही. नव्या ड्रायव्हरवर एसएचए-२ प्रकारची सही असते आणि नुकत्याच टाकलेल्या, अपडेट नसलेल्या विंडोज ७ ला ती कळत नाही. केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट आधी टाका.

मुक्तस्रोत:
आता नेट लागलंय तर एवढं तरी ऐका. या मशीनवर बँकेचं काही करू नका. सपोर्ट संपलेल्या विंडोजला सुरक्षा अपडेट येत नाहीत. हिशेबापुरतं वापरा आणि काम नसेल तेव्हा केबल काढून ठेवा.

नीलपंख:
याला दुजोरा.
रानवाट, अजून एक, आणि हे आजच करा. डिस्क क्लीनअप चालवलं आणि त्यात प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशनवर टिक पडली, तर विंडोज.ओल्ड कायमचा जाईल. फाइलरिपॉझिटरी फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. बाबांचे हिशेब कुठे आहेत? नुसतं सॉफ्टवेअर परत टाकून डेटा येत नाही. जुन्या युजर्समध्ये, प्रोग्रॅमडेटामध्ये आणि दोन्ही प्रोग्रॅम फाइल्समध्ये बघा. जुनी सॉफ्टवेअर स्वतःच्याच फोल्डरमध्ये डेटा ठेवायची.

रानवाट:
सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये सापडला. सॉफ्टवेअर नव्याने टाकून डेटाचा फोल्डर तिथे ठेवला, सगळी वर्षं उघडतायत. बाबा शेजारी बसून एकेक नोंद तपासतायत. आता दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी व्हायला लावलेत.

गवताचीपात:
स्कॅनरचा वेगळा धागा काढला आहे. व्हीईएन दिसत नाही, व्हीआयडी असं काहीतरी आहे.

तारायंत्र:
यूएसबीवर व्हीआयडी आणि पीआयडीच असतात. तिकडे उत्तर देतो.