मदत हवी आहे: डॉक्युमेंटेशनमधली ट्युटोरियल नव्याने लावायची आहेत, जुन्या लिंका आणि मराठी भाषांतर कसं सांभाळू?

नमस्कार मंडळी,

पायथनच्या एका छोट्या मुक्तस्रोत लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनचं काम सध्या आम्ही दोघं बघतो. सगळं स्फिंक्सवर (साध्या मजकूर-फाईलींपासून वेबपानं बनवणारं साधन) आहे आणि तयार पानं गिटहब पेजेसवर (गिटहबची तयार पानं ठेवायची वेब-होस्टिंग सेवा) चढतात. आजवर ज्याला जे सुचलं ते त्याने लिहून एकाच फोल्डरमध्ये टाकलं. त्यामुळे ‘पहिली पावलं’ छापाची तीन पानं आहेत आणि तिन्ही एकमेकांशी किंचित भांडतात. इन्स्टॉल करायला आलेला माणूस तिसऱ्या परिच्छेदात मेमरी लेआउटच्या (डेटा मेमरीत कसा मांडला जातो त्याच्या) चर्चेत अडकतो. शिकाऊ मंडळी तिथूनच पळ काढतात, असा माझा संशय आहे.

काय हवंय ते साधारण ठरलंय. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीने २०२० साली एनईपी ४४ या सुधारणा-प्रस्तावात ट्युटोरियल, हाऊ-टू, संदर्भ आणि स्पष्टीकरण अशी चार भागांची मांडणी केली होती. मूळ कल्पना डॅनिएले प्रोचिदा यांची. आज ती डायाटॅक्सिस नावाने ओळखली जाते. आम्हालाही तशीच चार फोल्डरं करून फाईली त्यात हलवायच्या आहेत.

घोडं इथेच अडलंय. फाईल हलली की पानाचा पत्ता बदलणार, आणि आमच्या लिंका लोकांच्या ब्लॉगवर, कॉलेजच्या नोट्समध्ये पसरल्या आहेत. दुसरं म्हणजे मराठी भाषांतर. ते पीओ फाईलींमध्ये (मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर अशा जोड्यांच्या फाईली) आहे, दर पानाची एक फाईल. चाचणीपुरती काही पानं हलवून पाहिली तर नव्या पीओ फाईली कोऱ्या करकरीत आल्या. शिवाय ‘उपयुक्त दुवे’ नावाचं एक लांबलचक पान आहे, त्यातल्या निम्म्या लिंका मेलेल्या असाव्यात. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद

फाईली हलवायची घाई का? स्फिंक्समध्ये साईडबार ठरतो टॉकट्रीवरून (पानात लिहिलेली, कुठली पानं कुठल्या क्रमाने यावीत याची यादी) आणि पत्ता ठरतो फाईलच्या जागेवरून. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. फाईली आहेत तिथेच ठेवा, चार नवी अनुक्रमणिका-पानं करा आणि प्रत्येकाच्या टॉकट्रीत जुनीच पानं हव्या त्या क्रमाने घाला. वाचकाला चार कप्पे दिसतील, एकही पत्ता बदलणार नाही, पीओ फाईलींना धक्काही लागणार नाही. रिपोमधलं (प्रकल्पाच्या फाईलींच्या साठ्यातलं) फोल्डर नीटनेटकं दिसावं ही हौस मेन्टेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची असते, वाचकाला त्याचं सोयरसुतक नसतं.

खरं काम पुढे आहे: ती तीन भांडखोर पानं एक करणं आणि मेमरी लेआउटचा भाग उचलून स्पष्टीकरणात नेणं. त्याला दुसरा इलाज नाही, बसून लिहावंच लागेल.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. तरी काही पानं हलवावी लागलीच, तर आधी आतल्या लिंका बघा. ‘डॉक’ रोलने (रोल म्हणजे स्फिंक्समध्ये लिंक लिहायची खूण) दिलेली लिंक फाईलच्या जागेवर अवलंबून असते, ‘रेफ’ रोलची लेबलवर, म्हणजे मजकुरात आपण दिलेल्या नावावर. लेबल फाईलसोबत जातं, म्हणून आधी सगळीकडे लेबलं लावा, मग हलवाहलव करा. बिल्ड करताना इशाऱ्यांना एरर मानणारा डॅश कॅपिटल डब्ल्यू पर्याय चालू ठेवा. आतली तुटलेली लिंक लगेच ओरडते.

भाषांतराचं कोडं: स्फिंक्सचं ‘गेटटेक्स्ट कॉम्पॅक्ट’ हे सेटिंग मुळात चालू असतं. त्यामुळे वरच्या पातळीवरच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र पीओ मिळते, पण पानं फोल्डरात गेली की त्या अख्ख्या फोल्डरची मिळून एकच होते. ते बंद करा. मग जुन्या सगळ्या पीओ ‘एमएसजीकॅट’ने एकत्र करा आणि ‘एमएसजीमर्ज’ला तो गठ्ठा कॉम्पेंडियम (जुन्या भाषांतरांचा साठा) म्हणून द्या; ही दोन्ही गेटटेक्स्टची साधनं आहेत. जी वाक्यं बदललेली नाहीत त्यांचं भाषांतर जसंच्या तसं परत येतं. बदललेल्यांवर ‘फझी’ (अंदाजे जुळवलेलं) शिक्का बसू शकतो, ती मात्र माणसानेच तपासायची.

धागाकर्ता

टॉकट्रीचं डोक्यातच आलं नव्हतं, दोघांचेही आभार! पण तीन पानांचं एक केल्यावर उरलेल्या दोन पत्त्यांचं काय? गिटहब पेजेसवर सर्व्हरकडून रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप वळवणं) करता येत नाही ना?

प्रतिसाद

नाही येत. जुन्या पत्त्यावर मेटा रिफ्रेशचं (ब्राउझरला नव्या पत्त्यावर जायला सांगणाऱ्या एचटीएमएल ओळीचं) छोटं पान ठेवावं लागतं. स्फिंक्स-रीरीडायरेक्ट्स हे एक्स्टेंशन तशी पानं बनवून देतं. एक मेख आहे: साध्या मेटा रिफ्रेशमध्ये पत्त्यातला हॅशपुढचा भाग गळतो, म्हणजे थेट एखाद्या उपशीर्षकावर येणारा माणूस पानाच्या डोक्यावर जाऊन पडतो. रीड द डॉक्स या डॉक्युमेंटेशन-होस्टिंग सेवेवर गेलात तर खरे रीडायरेक्ट मिळतात. तेवढ्यासाठी मुक्काम हलवायचा का, ते तुम्ही ठरवा.

‘उपयुक्त दुवे’ पानासाठी ‘मेक लिंकचेक’ ही स्फिंक्सची लिंका तपासणारी आज्ञा चालवा. तुटलेल्या आणि दुसरीकडे वळवलेल्या लिंका ती वेगवेगळ्या दाखवते. काही साइट रोबोटला दारातच अडवतात, त्यामुळे तुटलेली म्हणून आलेली लिंक काढण्याआधी एकदा हाताने उघडून बघा. माझं विचाराल तर ते पानच मोडीत काढा. ज्या ट्युटोरियलला जी लिंक लागते ती त्याच्याच तळाशी द्या, आणि जिला कुठेच जागा सापडत नाही तिला निरोप द्या.

धागाकर्ता

पान मोडीत काढायला जोडीदार तयार होईल असं वाटत नाही, त्यातल्या बऱ्याच लिंका त्यानेच गोळा केल्यात. :) सध्या टॉकट्री आणि लेबलं एवढ्याचीच पुल रिक्वेस्ट (बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) करतो, तीन पानांचं विलीनीकरण वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये. हॅशपुढचा भाग गळू नये म्हणून कुणी रीडायरेक्टच्या पानात जावास्क्रिप्ट टाकलं असेल, तर नमुना इथे चिकटवाल का?