'खोटी भाषा' म्हणणाऱ्यांना उत्तर: चाचे 'अर्रर्र' करायचे का?

खाडीपलीकडे:
काल इथे एकांनी लिहिलं की १९ सप्टेंबरचा तो 'चाच्यांसारखं बोला' दिवस म्हणजे निव्वळ थिल्लरपणा, कुठल्याच खलाशाने कधी 'अर्रर्र' केलेलं नाही, सिनेमावाल्यांनी रचलेली खोटी भाषा आहे आणि शाळांनी ती मुलांच्या तोंडी देऊ नये. त्या दिवसाचं मला काही पडलेलं नाही. १९९५ ला ऑरेगनमधल्या दोन मित्रांनी खेळता खेळता काढलेली टूम, २००२ ला पेपरातल्या एका विनोदी कॉलममुळे सगळीकडे पसरली. पण 'खोटी भाषा' वाचलं आणि राहवेना.

मी अकरा वर्षं ब्रिस्टलला आहे. आमच्या वर्कशॉपला कॉर्नवॉलचा एक फोरमन होता. लंडनवाले शब्दाच्या शेवटचा 'र' गिळतात, हा प्रत्येक 'र' जिभेवर घोळवायचा. काही विचारलं की 'अर्र', म्हणजे 'हो'. 'आय अ‍ॅम' कधी नाहीच, 'आय बी'. सिनेमातले चाचे बोलतात ते हेच. १९५० च्या 'ट्रेझर आयलंड' सिनेमात लाँग जॉन सिल्व्हर हा चाचा केला रॉबर्ट न्यूटनने, तो जन्मला डॉर्सेटला, वाढला कॉर्नवॉलला, आणि त्याने गावाकडचीच बोली जरा जाड करून वापरली. तेव्हापासून सगळे त्याचीच नक्कल करतायत. एका नटामुळे पसरली हे कबूल, पण ती हवेतून नाही आली. ब्रिस्टल, प्लिमथ ही बंदरं, जहाजांवर माणसं इथलीच भरायची. ब्लॅकबिअर्ड हा नावाजलेला चाचासुद्धा ब्रिस्टलचाच समजतात.

एकदा लंडनला मीटिंगमध्ये हा फोरमन एक बेअरिंग का जळालं ते समजावत होता, त्यात एक पोरगेला मॅनेजर म्हणाला, हेच जरा चाच्यासारखं म्हणून दाखवा ना. सगळे हसले, तोही हसला. येताना ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघत बसला. रेडिंग गेल्यावर एवढंच म्हणाला, "माझा बाप असाच बोलायचा." ज्या बोलीला तुम्ही खोटी म्हणताय ती कुणाच्या तरी घरातली आहे हो.

टिळकरोड:
ती पोस्ट माझीच. तुमच्या फोरमनबद्दल खरंच वाईट वाटलं, पण मुद्दा तिथेच आहे. चाचे काय सगळे कॉर्नवॉलचे होते? बार्थोलोम्यू रॉबर्ट्स वेल्सचा, किड स्कॉटलंडचा, जहाजांवर आयरिश, डच, फ्रेंच, पळून आलेले आफ्रिकन गुलाम. त्या सगळ्यांच्या तोंडी एकच बोली घालणं हा खोटेपणा नाही तर काय? फुली मारलेला नकाशा आणि खांद्यावरचा पोपट पण स्टीव्हन्सनच्या १८८३ च्या मूळ 'ट्रेझर आयलंड' पुस्तकानेच लोकांच्या डोक्यात बसवलाय.

आणि माझा राग भाषेपुरता नाहीच. १६९५ ला हेन्री एव्हरीने 'गंज-ए-सवाई' लुटलं, हजहून सुरतेला परतणारं जहाज, त्यावरच्या बायकांचे काय हाल केले ते वाचा एकदा. माझी मुलगी दुसरीत आहे, शाळेतून डोळ्याला काळी पट्टी आणि पुठ्ठ्याची तलवार घेऊन नाचत आली. मी तिला काय सांगायचं?

वरसोलीकर:
दोघांचं वाचलं, आता माझं ऐका. ज्युनियर कॉलेजला मुंबईत आलो, पहिल्या आठवड्यात 'पानी' म्हणालो, वर्ग फुटला. त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक गॅदरिंगला तेच, ए कोळीगीत म्हण ना, ए तुमच्यातलं बोल ना. माझा बाप तांडेल. काळोखात नुसत्या पाण्याच्या रंगावरून आणि वाऱ्यावरून बोट आत आणणारा माणूस. तांडेल काय करतो हे एकानेही विचारलं नाही, नाच मात्र सगळ्यांना पाहिजे. वर 'अलिबागवरून आलायस का' हे आहेच, २०१९ ला त्याविरुद्ध हायकोर्टात याचिका गेली तीपण फेटाळली. आंगऱ्यांच्या राजधानीचं नाव मूर्खाला वापरतात आणि आम्ही हसून घ्यायचं.

आणि चाच्यांचंच बोलायचं तर, 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००७ च्या भागात हिंदी महासागराचा चाच्यांचा सरदार म्हणून कोण उभा केलाय? संभाजी आंग्रे. कान्होजींचा मुलगा! यावर कुणी पोस्ट लिहीत नाही. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावरून माल न्यायचा नाही हा साधा नियम, तो ईस्ट इंडिया कंपनीला मानायचा नव्हता म्हणून त्यांना चाचा ठरवलं. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, काय झालं? हात हलवत गेले.

टिळकरोड:
कान्होजींबद्दल कुणाचंच दुमत नाही, आणि १७२१ ला बाजीराव फौज घेऊन आले होते तेही लिहायचं होतं. पण आंग्रे म्हणून सगळ्यांना एकाच पाटावर बसवू नका. कान्होजींचा दुसरा मुलगा तुळाजी कुणालाच जुमानत नव्हता, पेशव्यांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होता.

वरसोलीकर:
आलात ना शेवटी तिथेच! उपद्रव होता म्हणून १७५६ ला नानासाहेबांनी इंग्रजांना बोलवायचं? समुद्रातून वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांची फौज, आणि विजयदुर्गाच्या बंदरात अख्खं आरमार जळालं. ते काही तुळाजीचं खाजगी नव्हतं, मराठ्यांचं होतं. किल्ला इंग्रजांनी बळकावला आणि बाणकोट पदरात पडल्यावरच सोडला. पुण्यात बसून दर्या कळत नाही तो असा.

टिळकरोड:
पुणे काढायचं कारण नाही. माझं आजोळ देवगडचं आहे, विजयदुर्ग मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा चढलोय.

शिडाचीसावली:
अहो थांबा दोघं. विषय खलाशांच्या बोलीचा होता, त्याबद्दल मला सांगायचंय.

माझे आजोबा रत्नागिरीचे, इंग्रजी कंपनीच्या बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. बोटीवर त्यांच्या हाताखाली कोकणातले, गुजरातचे, चितगावचे, सगळे. यांची आपसात एक वेगळीच भाषा होती, हिंदुस्तानी, पोर्तुगीज, अरबी सगळं मिसळलेलं. तिचा कोश १८११ ला कलकत्त्यात छापला, रोबक नावाच्या स्कॉटिश माणसाने. आजोबा रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी विहिरीवर पोहरा सोडताना 'आरिया, आरिया' म्हणायचे आणि ओढताना 'हबेस'. आजी चिडायची, घरात बोट आणू नका म्हणायची. मला वाटायचं हे त्यांचंच काहीतरी आहे. मग परवा आमच्या इथे मेट्रोचं काम चाललंय तिथे गर्डर उतरवताना खालचा माणूस हात खाली करून ओरडला, आरिया! आणि क्रेनवाल्याने सोडलं. मी रस्त्यात उभी राहिले. तो पोरगा झारखंडचा होता, त्याने समुद्र बघितलेला नाही.

टिळकरोड, तुम्ही म्हणता जहाजावर सगळ्या जातीची माणसं, मग एक बोली कशी? तर अशी होते. वादळात 'दोर सोड' हे पाच भाषांत सांगायला वेळ नसतो. आता चाच्यांची एकत्र बोली कॉर्नवॉलसारखीच होती असं मी म्हणणार नाही, पण काहीतरी असणारच.

खाडीपलीकडे:
ताई, मी पण क्रेनखाली काम केलंय, भोसरीत. हबेस-आरिया रोजचं होतं. ते बोटीवरचं आहे हे आज कळलं.

टिळकरोड:
ठीक आहे. 'खोटी' हा शब्द मागे घेतो, 'एका मुलखाची सगळ्यांच्या तोंडी घातलेली' असं म्हणतो. यापुढे जाणार नाही. आणि मुलीच्या शाळेला पत्र लिहिणारच आहे, चाचेच दाखवायचे तर गंज-ए-सवाई पण सांगा म्हणून.

वरसोलीकर:
लिहा. त्यात सरखेल कोण होते तेही घाला. तुळाजीचं मी सोडलेलं नाही.

टिळकरोड:
मीही नाही.