कंबरदुखीमुळे हातचा विसरतो: ही स्मरणशक्ती जात असल्याची खूण आहे का?

रोजमेळ (दांडिया बाजार, बडोदे)

माझे वय ५६ असून गेली २९ वर्षे मी मांडवीजवळच्या एका घाऊक पेढीत हिशेब लिहिते. आधी वह्यांमध्ये रोजकीर्द आणि खतावणी, नंतर संगणकावर टॅली, असे दोन्ही काळ मी पाहिले आहेत. सहा वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्यातील गादी सरकून डाव्या पायाकडे जाणारी शीर दबली. तेव्हापासून कमरेपासून पोटरीपर्यंतचे दुखणे कधी कमी तर कधी जास्त असते, पण ते अजिबात नव्हते असा दिवस मला आठवत नाही.

दुखण्याची आपल्याला सवय झाली आहे असे मी समजत होते, परंतु गेल्या दीड वर्षात जे होऊ लागले आहे त्याची मला मनापासून भीती वाटते. मागच्या महिन्यात जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या आदल्या दिवशी दोन्हीकडच्या तेरजा, म्हणजे जमा आणि नावे बाजूंच्या बेरजा, जुळेनात. फरक ३,६०० रुपयांचा होता. फरकाला ९ ने भाग जातो हे पाहून शेजारशेजारचे अंक उलटे पडले असणार, हे मी लगेच ओळखले, आणि पाऊण तासाच्या शोधानंतर १८,४५० ऐवजी १४,८५० लिहिलेले बिल सापडले. ते बिल मीच चढवले होते. एवढ्या वर्षांत अशा चुका इतरांच्या हातून झालेल्या मी शोधून देत असे.

आजोबांनी लहानपणी पाठ करून घेतलेली पावकी, निमकी आणि दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे मी आजही न अडखळता म्हणते. मात्र कागदावर चार आकड्यांची बेरीज करताना कोणी हाक मारली, की हातचा किती होता हेच हरवते. घरीही तसेच होते. दूध गॅसवर ठेवून मी बाहेरच्या खोलीत जाते आणि कशासाठी आले ते विसरते. सुनेला एकच गोष्ट दोनदा विचारते, आणि ती बिचारी काही बोलत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसते.

माझ्या आईला सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला होता, त्यामुळे ही त्याचीच सुरुवात असेल का, हा विचार रात्री झोपू देत नाही. दबलेल्या शिरेच्या दुखण्यासाठी मी रात्री प्रेगाबालिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधे घेते. सर्दीचा त्रास असल्यामुळे अधूनमधून दुकानातून एक गोळीही आणते. डॉक्टरांना विसराळूपणाविषयी विचारले तेव्हा ‘वयाने होते’ एवढेच उत्तर मिळाले. दुखण्यामुळे खरोखरच असे होऊ शकते का? आणि होत असेल, तर आकड्यांचे काम सोडून न देता ते कसे सांभाळावे?

खडूफळा (रावपुरा)

ताई, मला १४ वर्षांपासून आमवात आहे, आणि त्यांतील आठ वर्षे मी शाळेत गणित शिकवत होते. फळ्यावर उदाहरण सोडवताना मधली पायरी डोक्यातून निसटणे, ओळखीच्या मुलीचे नाव ओठांवर न येणे, हे सारे मी अनुभवले आहे, म्हणून केवळ मला उपयोगी पडलेले लिहिते.

माझी मोठी चूक अशी झाली, की मी लक्षात ठेवण्यासाठी अधिक जोर लावत राहिले. त्यामुळे संध्याकाळपर्यंत थकवा वाढे, थकव्याने दुखणे वाढे आणि दुसऱ्या दिवशी आणखी विसरायला होई. पुढे मी डोक्यात काही धरून ठेवायचेच नाही, असे ठरवले. एकच लहान वही, तिला दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि ती वही नेहमी उजव्या हाताला. तीन वह्या आणि दहा चिठ्ठ्या केल्या की त्या शोधण्यातच लक्ष संपते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. कोणी हाक मारली, तर वर पाहण्यापूर्वी ‘पुढे काय करायचे आहे’ ते दोन शब्दांत लिहावे. झालेले काम कागदावर दिसतेच. हरवते ती पुढची पायरी. तुमच्या बाबतीत बेरजेचा हातचा अगदी ठळकपणे रकान्याच्या माथ्यावर लिहावा, जसा आपण लहान मुलांना लिहायला लावतो. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक. दुखणे कोणत्या वेळी सर्वांत कमी असते ते आठ-दहा दिवस टिपून पाहावे. माझे सांधे सकाळी आखडलेले असत, म्हणून मी अवघड तपासणी दुपारी ठेवत असे. कमरेच्या दुखण्यात बसून बसून त्रास वाढतो असे ऐकते, त्यामुळे तुमची चांगली वेळ कदाचित सकाळची असेल. ती वेळ फोन घेण्यात घालवू नये.

जुना भूलतज्ज्ञ (अलकापुरी)

मी भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालो असून शेवटची काही वर्षे दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांवर उपचार करत होतो. प्रत्यक्ष तपासल्याविना निदान करणे योग्य नाही, तरीही आपल्या पत्रातील काही तपशील फार बोलके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा होणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. वेदना ही शरीराची धोक्याची घंटा आहे, आणि लक्ष वेधून घेणे हेच तिचे काम. मेंदूच्या पुढच्या भागातील ज्या जाळ्यांवर लक्ष एकाग्र करण्याची आणि काही क्षण माहिती धरून ठेवण्याची जबाबदारी असते, त्यांतील बरीचशी वेदनेच्या प्रक्रियेतही गुंतलेली असतात. निरोगी माणूससुद्धा एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टीच मनात धरू शकतो. त्यांतील एखादी जागा वेदनेने कायमची अडवली, तर उरलेल्या जागेत बिलाचा आकडा, हातचा आणि सुनेचा निरोप एकत्र मावत नाहीत.

आपण ‘हातचा’ हा शब्द वापरलात, तो मला फार नेमका वाटला. पावकी-निमकी शाबूत आहे, नऊचा नियम योग्य वेळी सुचला आणि त्यावरून चूक शोधूनही काढता आली, म्हणजे साठवलेले ज्ञान आणि विचारशक्ती काम करत आहेत. अडचण येते ती नवी गोष्ट नोंदली जाण्याच्या क्षणी. सुनेने सांगितलेले आपण विसरत नसून, ती सांगत असताना बहुधा ते पुरते आत पोहोचलेलेच नसते. स्मृतिभ्रंशात चित्र सहसा वेगळे असते: ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, वर्षानुवर्षांचे काम कसे करायचे हेच न उमगणे, आपण विसरतो याचे भानही कमी होत जाणे. तथापि आईचा इतिहास असल्यामुळे स्मरणशक्तीची साधी चाचणी करून घ्यावी. आज केलेली चाचणी पुढे तुलनेसाठीही उपयोगी पडते, आणि मनावरचे ओझे उतरते ते वेगळेच.

आता औषधांविषयी. प्रेगाबालिनमुळे गुंगी येणे आणि लक्ष न लागणे हे परिचित दुष्परिणाम आहेत. अ‍ॅमिट्रिप्टिलिनमध्ये स्मरणासाठी आवश्यक असलेल्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाचे काम अडवण्याचा गुण आहे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीवरील औषध असते आणि तेही हेच करते, त्यामुळे दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळतो. दुकानातील त्या गोळीचे वेष्टन डॉक्टरांना अवश्य दाखवावे. त्यांना ती ठाऊकच नसण्याची शक्यता आहे. मात्र प्रेगाबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन स्वतःहून एकाएकी बंद करू नये. मात्रा कमी करायची झाल्यास ती टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.

यांखेरीज बी१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची रक्ततपासणी करून घ्यावी. शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता वारंवार आढळते, मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ती होते, आणि तिच्यामुळे विसराळूपणा व पायांत मुंग्या दोन्ही येऊ शकतात. झोपेचीही चौकशी व्हायला हवी, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते आणि वेदना ती झोप तुकड्यातुकड्यांत तोडते. मन उदास राहत असेल तर तेही संकोच न करता सांगावे.

एक आशेची बाब आहे. कॅनडातील मॅगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे मेंदू उपचारापूर्वी आणि उपचारानंतर सहा महिन्यांनी तपासले. अभ्यास लहान होता, परंतु उपचारानंतर मेंदूच्या पुढच्या डाव्या भागातील पातळ झालेले आवरण पुन्हा जाड झालेले दिसले, आणि ज्यांचे दुखणे कमी झाले त्यांच्यात हा बदल अधिक होता. तेव्हा ‘वयाने होते’ या उत्तरावर थांबू नये.

जांघेच्या आसपास बधिरपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे किंवा पायातील ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तिसरा मजला (मांजलपूर)

माझ्या पत्नीला नऊ वर्षांपासून फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांगदुखीचा जुनाट विकार, आहे. घरच्यांच्या बाजूने दोनच शब्द लिहितो. ‘आत्ताच तर सांगितलं!’ हे वाक्य मी कित्येक वर्षे बोलत होतो, आणि दर वेळी ती अधिक गोंधळत असे. आता मी तिचे नाव घेतो, तिने माझ्याकडे पाहिले की एकच गोष्ट सांगतो, आणि लांबलचक निरोप असेल तर लिहून ठेवतो. ती पोळ्या करत असताना बँकेचे काम सांगत नाही.

आपली सून गप्प राहते, याचा अर्थ ती वैतागलेली असेलच असे नाही. तिला काय बोलावे हे कळत नसेल. डॉक्टरांनी वर लिहिलेला ‘आत पोहोचलेलेच नसते’ हा भाग तिला वाचायला द्यावा, अशी माझी विनंती आहे.

रोजमेळ (दांडिया बाजार, बडोदे)

आपणा तिघांची मी ऋणी आहे. तीन आठवडे उशिरा लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती यावे असे वाटत होते.

सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन निघाले. ती थांबवली आहे, आणि डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची मात्रा हळूहळू उतरवायला घेतली आहे. बी१२ कमी आल्यामुळे इंजेक्शने सुरू झाली. स्मरणशक्तीच्या चाचणीत चिंतेचे काही आढळले नाही. एकदा सांगितलेले पाच शब्द थोड्या वेळाने विचारले तेव्हा एक राहिला होता.

शेठजींना सांगायला मी फार घाबरत होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि पेढीतील एका मुलाला रोज सकाळी दीड तास माझ्याशेजारी बसवले. तो बिलाचा आकडा मोठ्याने वाचतो, मी तो मोठ्याने उच्चारून चढवते, आणि पंधरा बिले झाली की मी उठून उभी राहते. ११ आणि २० तारखेच्या विवरणपत्रांचे काम आता आदल्या रात्रीवर न ठेवता रोज थोडे थोडे करते. या महिन्यात दोन्हीकडच्या तेरजा पहिल्याच वेळी जुळल्या.

घरी दूध अजून दोनदा उतू गेले. सुनेला तो भाग वाचायला दिला तेव्हा तिला रडू आले. मी तिचे बोलणे मनावरच घेत नाही, असे ती इतके दिवस समजत होती. आता आमच्या दोघींच्या सोयीसाठी गॅसच्या ओट्यावर घंटी वाजणारे लहान घड्याळ ठेवले आहे, आणि दूध ठेवले की जी जवळ असेल ती ते लावते.